न मागितलेली माफी

आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार जाहीर करतो, त्या दिवशी अर्धी निवडणूक उरकते. उमेदवाराला लोक ओळखून ओळखून कंटाळलेले असतात. तो शेजारी कुणाला बसवतो यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळतं. दक्षिणेतला माणूस उभा राहिला की त्यानं जोडीला उत्तरेतला घ्यायचा, ही घानाची जुनी रीत. पण दक्षिणेतल्यांच्या लेखी उत्तर म्हणजे तमाले शहर आणि तिथला एखादा गबर सिमेंटवाला. आम्ही त्याच्याही वरचे. एका कोपऱ्यात बोल्गा गावाकडचे आम्ही फ्राफ्रा जमातीचे, दुसऱ्या कोपऱ्यात वा आणि जिरापा या गावांकडचे दगाबा. आमची आठवण मतं मागायला येते आणि मतं मोजून झाली की जाते.

म्हणून डॉक्टर क्वाबेना आदारक्वांनी जोडीदार म्हणून क्लोतिल्दा बायोरचं नाव घेतलं, तेव्हा बोल्गाच्या पक्ष कार्यालयात मी खुर्चीवर चढून ओरडले. मी तिथली चिटणीस, लारिबा आबुग्रे. माझ्या वजनाच्या बाईनं खुर्चीवर चढू नये हे मला कळतं, पण आनंदाला कुठं कळतं? क्लोतिल्दा म्हणजे जिरापाची दगाबा. आधी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, मग खासदार. तिच्या आवाजाला मंत्रीसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावायचे.

प्रचारप्रमुख एबेनेझर नॉर्टे मात्र नाराज होता. अक्राचा माणूस, कडक इस्त्रीचा. मला फोनवर म्हणाला, "मॅडम लारिबा, ही बाई एकच कोपरा देईल. तमालेचा तो सिमेंटवाला अख्खा उत्तर भाग देत होता."

"एक नाही, दोन कोपरे. दगाबा पुढे गेला की फ्राफ्रा मागोमाग येतोच."

"का? मी तर ऐकलंय, तुम्ही एकमेकांना शिव्या घालता."

"अहो, म्हणूनच!"

त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, आणि मीही नीट समजावलं नाही. आमच्यात हे कुणाला समजावून सांगायची वेळच येत नाही. फ्राफ्रा आणि दगाबा यांचं थट्टेचं नातं पणजोबा-खापरपणजोबांपासूनचं. भेटल्यावर पहिला शब्द शिवीचाच. ते आम्हाला गुलाम म्हणतात, आम्ही त्यांना गुलाम म्हणतो. कुत्र्याच्या मटणातलं डोकं कुणी चोरून खाल्लं हा वाद शेकडो वर्षं चालू आहे आणि तो मिटावा असं कुणालाच वाटत नाही. रागावायचं नाही. जो रागावला तो हरला. आणि दगाबाच्या दारातून फ्राफ्रा कधी उपाशी परत गेलेला नाही, हेही तितकंच खरं.

आठवड्याभरात क्लोतिल्दाचा जिरापात सत्कार झाला. तिथं कुणीतरी विचारलं, फ्राफ्रा तुम्हाला मत देतील का? ती माईकवर म्हणाली, "न देऊन सांगतात कुणाला? माझे गुलाम आहेत ते! कुत्र्याचं डोकं दाखवलं की रांगेत उभे राहतील. फक्त अंगठा कुठं उठवायचा ते शिकवावं लागेल, कारण त्यांना उजवं-डावं कळत नाही."

बोल्गाच्या बाजारात हे भाषण फोनाफोनी फिरलं आणि लोक पोट धरून हसले. माझे काका आतिबिला, आमच्या घराण्याचे कर्ते, त्यांनी तर ते दोनदा लावायला लावलं. "बाई तयार आहे," म्हणाले. "आता येऊ दे इकडे. तिच्या आजोबांनी आमच्या अंगणातून झाडू चोरला होता, ते काढतो बाहेर."

पण तेच भाषण अक्रात पोचलं आणि विरोधकांच्या रेडिओवर वाजलं. एका जमातीला गुलाम म्हणणारी बाई देशाची उपाध्यक्ष होणार? पाद्री बोलले, प्राध्यापक बोलले, ज्यांनी आयुष्यात फ्राफ्रा माणूस पाहिला तो फक्त फाटकावर रखवालदार म्हणून, त्यांनासुद्धा आमचा एकदम पुळका आला. नॉर्टे घाबरला. त्यानं क्लोतिल्दाला न विचारता तिच्या नावानं निवेदन काढलं: माझ्या शब्दांमुळे माननीय फ्राफ्रा समाजाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी बिनशर्त क्षमा मागते.

संध्याकाळच्या बातम्यांत ते वाचलं गेलं तेव्हा मी काकांच्या अंगणात पितो, म्हणजे आमची ज्वारीची दारू, घेत बसले होते. काकांनी हातातली तुंबडी खाली ठेवली.

"माननीय?" ते म्हणाले. "आम्ही कधीपासून माननीय झालो?"

कुणी हसलं नाही. काकांनी हात लांबवून रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "माफी परक्याची मागतात. म्हणजे ती जे बोलली ते मनापासून बोलली होती, थट्टा नव्हती. नातं तोडलं तिनं."

दुसऱ्या दिवसापासून लोक पक्षाचे टी-शर्ट कार्यालयात आणून टाकू लागले. भांडण नाही, घोषणा नाही, गुपचूप टाकायचे आणि जायचे. मला रडू आलं. मी क्लोतिल्दाला फोन लावला.

"तू माफी मागितलीस?"

"मी? मला रेडिओवर कळलं!"

"मग सांग ना तसं जगाला."

"कसं सांगू, लारिबा? मी नाकारलं तर डॉक्टरांचा पक्ष खोटा पडतो. नॉर्टे म्हणतो, एक शब्द बोलू नका. तुमच्याकडचे टी-शर्ट परत येतायत हे तो डॉक्टरांना रोज दाखवतो आणि म्हणतो, बघा, बाईमुळे मतं चालली. सोमवारी निवडणूक आयोगाकडे नावं द्यायची आहेत. तमालेवाला सूट शिवून बसलाय. जाऊ दे. नाव गेलं तर गेलं. पण तुम्ही लोक माझ्याशी नीट वागायला लागलात ना, ते मला सहन होत नाही. काल एका फ्राफ्रा ड्रायव्हरनं मला वाकून नमस्कार केला गं."

त्याच आठवड्यात माझे थोरले काका अकोल्गो वारले, कारभार कधीच आतिबिला काकांवर सोपवून बसलेले. नातवंडांची नातवंडं पाहून गेलेला माणूस. अशा मरणाला आमच्यात रडतात थोडं आणि नाचतात जास्त. शनिवारी माती द्यायची ठरली. डॉक्टर आदारक्वा त्या दिवशी बोल्गाच्या दौऱ्यावर होते, ते येणार हे उघड होतं. मी क्लोतिल्दाला निरोप दिला: तुझा गुलाम मेलाय, बघ काय करायचं ते.

शनिवारी सकाळी अंगणात मावेना एवढी माणसं. ढोल, बासऱ्या, शिंगांची टोपी घातलेले नाचणारे. डॉक्टर पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. शेजारी नॉर्टे, त्याच्या शेजारी मी. नॉर्टे हळूच म्हणाला, "बाईंना येऊ नका म्हणून कळवलंय. इथून निघालो की डॉक्टर जाहीर करतील."

"काय जाहीर करतील?"

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. सज्जन माणूस, पण सज्जन माणसाला चार जणांनी चारदा सांगितलं की तो बकऱ्याला कुत्रा म्हणतो.

इतक्यात रस्त्यावर एक ट्रक थांबला. मागे उभ्या दगाबा बायका, आणि पुढून उतरली क्लोतिल्दा. काळा पोशाख, पायात साधी चप्पल. ढोल थांबले. लोकांनी तिला वाट करून दिली, अगदी अदबीनं, परक्याला देतात तशी. नॉर्टे अर्धवट उठून कुजबुजला, "मॅडम, कृपा करून फक्त दोन शब्द, सांत्वनाचे."

तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट तिरडीपाशी गेली, कमरेवर हात ठेवले आणि शाळेच्या मैदानावरच्या आवाजात ओरडली, "कुणाला विचारून मेला हा?"

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मी विचारतेय! माझा गुलाम, माझ्या परवानगीशिवाय मेलाच कसा? अजून माझं शेत नांगरायचं राहिलंय!"

डॉक्टरांचा चेहरा राखेसारखा झाला. नॉर्टेनं डोळे मिटून घेतले. पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मी आतिबिला काकांकडे बघत होते. सगळं अंगण काकांकडे बघत होतं. आता ते बोलले नाहीत तर क्लोतिल्दा संपली, आणि नुसती उमेदवार म्हणून नाही.

काका काठी टेकत उठले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"रेडिओवर आमची माफी मागितली, ती बाई तूच ना?"

"माफी?" क्लोतिल्दा म्हणाली. "तुमची? अरे म्हाताऱ्या, माफी माणसांची मागतात!"

काकांच्या पोटातून हसू निघालं. आधी खोकल्यासारखं, मग ते थांबेचना. त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले. सगळं अंगण फुटलं. बायकांनी किलकाऱ्या मारल्या, ढोलवाल्यांनी न सांगता ढोल बडवले, माझी विधवा काकू, जिचा नवरा समोर तिरडीवर होता, ती हसता हसता माझ्या खांद्यावर कोसळली. क्लोतिल्दा अंगणातच खणलेल्या कबरीच्या अरुंद गोल तोंडावर फतकल मारून बसली.

"डोकं आणा कुत्र्याचं! त्याशिवाय याला आत जाऊ देणार नाही."

"डोकं आम्ही खाल्लं!" काका ओरडले. "शेपूट शिल्लक आहे, तुझ्या खानदानाला तेवढीच झेपते!"

"शेपूट तुझ्या टोपीला लाव, म्हणजे पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते लोकांना कळेल!"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, हे भांडण थांबवायला हवं ना?"

"डॉक्टरसाहेब, हे भांडण नाही. हे नातं आहे. भांडण तुमच्या निवेदनानं लावलं होतं. ती आत्ता ते मिटवतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग अंगणाकडे. गेला आठवडाभर टी-शर्ट परत करणारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दगाबा बायका ट्रकमधून उतरून आमच्या बायकांच्या डोक्यावरचे रुमाल पळवत होत्या. शेवटी काकांनी क्लोतिल्दापुढे एक जिवंत गिनी कोंबडी आणि पितोचं मडकं ठेवलं, तेव्हा कुठं ती उठली, आणि मग तिनंच तिरडीला पहिला खांदा दिला. तेव्हा ती रडत होती. खरंखुरं.

नॉर्टे म्हणाला, "साहेब, याचा व्हिडिओ अक्रात गेला तर आपण संपलो."

"जाऊ दे," डॉक्टर म्हणाले. "आणि एबेनेझर, यापुढे ज्याच्या नावानं बोलशील त्याला आधी विचारत जा." मग ते उभे राहिले आणि माझ्या काकांना म्हणाले, "बाबा, सोमवारी मी हिचंच नाव देतोय. तुमचं काय म्हणणं?"

"आम्हाला काय विचारता? गुलाम आमचा आहे. नीट वापरा."

त्यानंतरचा प्रचार मी जन्मात विसरणार नाही. क्लोतिल्दा आमच्या गावोगाव फिरली आणि प्रत्येक गावात तिला शिव्या घालायला लोक मैलोन्‌मैल चालत आले. ती एक द्यायची, लोक दहा द्यायचे. आमचं ऐकून कुमासीच्या बाजारातले, ओबुआसीच्या खाणीतले, अक्राच्या वस्त्यांतले फ्राफ्रा आणि दगाबा एकमेकांना ओढत मतदानाला गेले. विरोधक आमच्याबद्दल गंभीर चेहऱ्यानं सहानुभूतीची भाषणं करत राहिले. त्यांचं कोण ऐकतंय? आजवर दोन्ही कोपरे एकाच पक्षाला कधी गेले नव्हते. या वेळी दोन्ही गेले, आणि डॉक्टर निम्म्याहून जास्त मतं घेऊन पहिल्याच फेरीत जिंकले. निकाल लागला तेव्हा बोल्गाच्या रस्त्यावर मी अनवाणी नाचले. चप्पल कुठं गेली ते मला अजून माहीत नाही.

शपथविधीला काकांना अक्राहून बोलावणं आलं. भलं मोठं मैदान, घोडेस्वार, शेजारच्या देशांचे राष्ट्राध्यक्ष, सोन्याच्या दागिन्यांनी वाकलेले आशांती जमातीचे सरदार. आमचे काका पुढच्या रांगेत माझ्या शेजारी, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून. क्लोतिल्दाचं नाव पुकारलं गेलं. तिनं बायबलवर हात ठेवला, सरन्यायाधीशांच्या मागे शपथ म्हटली, एकदाही अडखळली नाही. टाळ्या पडायच्या आधी एक क्षण शांतता असते, तेवढ्यात काका उठले.

"ए गुलामे! सरळ उभी राहा! जग बघतंय, माझं नाक कापशील!"

मी त्यांचा सदरा ओढला, पण उशीर झाला होता. तीन सैनिक आमच्याकडे धावले. एकानं काकांच्या दंडाला धरलं. काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते वर बघत होते. त्या एवढ्या मैदानात, तिच्या नव्या पदाच्या पहिल्या मिनिटात, ती आता आपली राहते की माननीय होते ते त्यांना बघायचं होतं. मलाही.

प्रजासत्ताकाची उपाध्यक्ष माईकपाशी आली. कागदावरचं पहिलं वाक्य तिनं वाचलं नाही.

"त्या म्हाताऱ्याचा हात सोडा," ती म्हणाली. "त्याला अक्कल नाही, पण तो माझा आहे."