दांड्या की चाक

बंदरावर क्रेन चालवणारा दादा आणि चष्म्याच्या काचा घासणारी त्याची धाकटी बहीण, ही दोघं दर रविवारी सकाळी जुन्या खाणीच्या तळ्यावर रिमोटच्या बोटी पळवायची. बहिणीला घरात आणि क्लबातही सगळे बारकी म्हणत. चाळिशी दाराशी आली तरी ते नाव काही तिची पाठ सोडत नव्हतं. हा नाद तिला दादानेच लावला. पोहायला त्याने शिकवलं, सायकल त्याने शिकवली, तसंच हेही. फक्त रिमोट तिने स्वतःच्या पसंतीने घेतला होता, आणि दादा ते अजून विसरला नव्हता.

दादाचा रिमोट दांड्यांचा. गळ्यात पट्टा अडकवायचा, डब्यासारखा तो रिमोट दोन्ही हातांत धरायचा. डाव्या अंगठ्याखालची दांडी वेगाची, उजव्या अंगठ्याखालची वळणाची. क्रेनच्या केबिनमध्येही त्याच्या हाताखाली दोन दांड्याच असत, त्यामुळे त्याला तोच खरा रिमोट वाटे. बारकीचा चाकाचा. पिस्तुलासारखी मूठ डाव्या हातात, तर्जनीने घोडा ओढला की बोट सुटणार, आणि बाजूचं स्पंजचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवलं की वळणार.

"आली पिस्तूलवाली," दादा म्हणायचा. "हात वर करा रे सगळे."

ती हसून सोडून द्यायची. सोडून देणं तिला परवडत होतं, कारण पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी बोयांभोवती वळताना तिची बोट दादाच्या बोटीपेक्षा आतून जायची. समोरून आपल्याकडे येणारी बोट चालवताना डावं-उजवं उलटं होतं. नवखे तिथेच गोंधळतात. बारकीला मात्र कधी विचारच करावा लागला नाही. हात आपोआप फिरायचा.

त्या वर्षी क्लबाने जोडीची शर्यत जाहीर केली. दोघांत एक बोट, एकच रिमोट. अर्ध्या फेऱ्या एकाने मारायच्या आणि बोट पळत असतानाच रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दादाने बारकीला विचारलंसुद्धा नाही, दोघांची नावं तोंडी सांगून मोकळा झाला. तिला त्याचा आनंदच झाला. इतकी वर्षं ती दोघं एकाच तळ्यावर एकमेकांविरुद्ध लढली होती. एका बाजूने कधी उतरलीच नव्हती.

आता प्रश्न उरला रिमोटचा. दोघं दुकानदारकाकांकडे गेली. काकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर पंखे, पाती, मोटारी टांगलेल्या आणि टेबलावर सदा एखादी उघडी बोट. काकांनी दोन्ही तऱ्हेचे रिमोट काढून ठेवले.

"यात चांगला कुठला, असं विचारू नका," काका म्हणाले. "बोटीची शर्यत शेवटी बोटांनीच जिंकायची असते. कुणाची बोटं काय मागतात ते बघा. बारके, तू थोडे दिवस दांड्या वापर. दादा, तुम्ही चाक वापरा. मग घड्याळ लावा आणि ठरवा. भांडू नका म्हणजे झालं."

"भांडतोय कशाला?" दादा म्हणाला. "माझी धाकटी बहीण आहे ती."

पुढच्या रविवारी दोघांनी रिमोट बदलले. बारकीची बोट दांड्यांवर दारू प्यायल्यासारखी चालली, पण सकाळ संपेपर्यंत ती निदान सरळ जायला लागली. दादाने चाक हातात घेतलं. पहिल्याच वळणावर बोट बोयावर चढली. दुसऱ्यांदा ती थेट गवतात घुसली. काठावर कुणीतरी म्हणालं, "क्रेनने उचलून काढा आता." सगळे हसले. दादा हसला नाही. त्याने रिमोट बारकीच्या हातात कोंबला आणि बोट आणायला स्वतःच गुडघाभर पाण्यात उतरला.

घड्याळ लावायची वेळच आली नाही. परतताना दादा म्हणाला, "हे बघ, माझं वय झालं. आता नवीन काही हाताला बसायचं नाही. तुझी बोटं अजून लवचीक आहेत. तू शिकशील."

"पण चाकावर मी जास्त वेगात आहे, दादा. तुला थोडं जरी जमलं तरी..."

"मला जमणार नाही. सांगितलं ना."

त्याच्या आवाजात ती लहानपणापासून ओळखत असलेली कडी होती. ती एकदा लागली की दार उघडत नसे. बारकी म्हणाली, "बरं. दांड्या."

मग तिने स्वतःला कामाला जुंपलं. दिवसभर फिरत्या दगडावर काचांच्या कडा घासायच्या, संध्याकाळी तळं गाठायचं आणि अंधार पडेस्तोवर बोयांभोवती घिरट्या घालायच्या. सगळ्यात अवघड होतं ते जुनं विसरणं. घाबरली की तिची तर्जनी अजूनही नसलेला घोडा ओढायची. समोरून बोट आली की आता थांबून विचार करावा लागे, डावं कुठलं, उजवं कुठलं; तेवढ्यात बोट काठाला लागलेली असे. म्हणून तिने चाकाचा रिमोट कपाटात वर ठेवून दिला आणि त्याच्याकडे बघायचंही बंद केलं. अंगठ्याच्या मुळाशी ठणका बसला. एकदा कामावर अंगठा थरथरला आणि मोठ्या नंबराच्या एका काचेची कड उडाली. कारखान्याची मालकीण म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?" बारकीने नवीन काच घासून दिली, पण लक्ष कुठंय ते सांगितलं नाही. भावासाठी खेळणं शिकतेय म्हटलं असतं तर बाईने कपाळावर हात मारून घेतला असता.

दादा मात्र सरावाला क्वचितच यायचा. कामावर जास्तीची पाळी आहे, पाठ धरलीय, असं काहीतरी असायचं. "माझा हात बसलेलाच आहे," तो म्हणायचा. "तू तुझं बघ." आला की मात्र कौतुक करायचा. "बघा, माझी शिष्या," असं क्लबातल्या लोकांना सांगायचा आणि बारकीला ठणका विसरायला व्हायचं.

शर्यत अगदी तोंडावर आली असताना एका दुपारी काचा घासायचं मुख्य यंत्र बंद पडलं आणि मालकिणीने सगळ्यांना घरी सोडलं. बारकी रिमोट आणि बोट घेऊन तळ्यावर गेली. उतारावरच तिला दादाचं हसणं ऐकू आलं. खूप वर्षांत तो असा खदाखदा हसलेला तिने ऐकला नव्हता.

तो काठावर उभा होता. शेजारी त्याच्या क्रेन विभागाचे साहेब. समोर पाण्यात लांब नाकाची नवीकोरी बोट. दादाच्या डाव्या हातात पिस्तुलासारखी मूठ होती आणि उजवा हात चाकावर. बोट वळली, जरा जास्तच वळली आणि गवतात शिरली. "गेलं सगळं!" साहेब ओरडले, आणि दोघं पोट धरून हसले. मग दादाने घोडा अलगद पुढे ढकलला, चाक किंचित फिरवलं आणि बोट सफाईने मागे काढली. एका दिवसात येणारी सफाई नव्हती ती.

दादाला ती दिसली तेव्हा त्याचं हसू तोंडातच राहिलं. "साहेब, ही माझी बहीण," तो म्हणाला. "ही पण चालवते थोडीफार."

"अरे वा," साहेब मोकळेपणाने म्हणाले. "मग शर्यतीला येणार ना तुम्ही?"

"येणार ना," बारकी म्हणाली. "दादाबरोबरच आहे मी."

साहेबांनी दादाकडे पाहिलं. "तू तर माझ्याबरोबर आहेस ना? कालच नाव बदलून दिलं म्हणालास."

दादाने बोट काठाकडे वळवली. बारकीला परक्या माणसासमोर तमाशा नको होता. "हो, खरंच की," ती म्हणाली. "माझ्याच डोक्यातून गेलं." आणि बोट काखेत मारून ती उतार चढून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती दादाच्या घरी गेली. दार वहिनीने उघडलं आणि तिचा चेहरा बघून बारकीला कळलं की हिला सगळं आधीपासून ठाऊक आहे. दादा डबा भरून निघायच्या तयारीत होता.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? शिट्टी वाजल्यावर?"

"बारके, ऐक तरी. नवीन क्रेन येतायत. केबिन बंद, ऑफिसात पडद्यासमोर बसून चालवायच्या. कुणाला शिकवायचं आणि कुणाला घरी बसवायचं, ते साहेब ठरवणार. त्यांनी जोडीला विचारलं. त्यांच्या बोटीला चाकाचाच रिमोट. मी नाही कसं म्हणणार होतो?"

"नाही म्हणू नकोसच. नोकरीचं मला कळतं. मला सांगितलं असतंस तर मीच तुला पाठवलं असतं." ती खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. "मी चाकाचं विचारतेय. तुला चाक जमणार नव्हतं ना? वय झालं होतं. मी माझा बसलेला हात मोडला तुझ्या दांड्यांसाठी. आणि तू तेव्हा तिकडे चाक शिकत होतास."

वहिनी स्वयंपाकघरात निघून गेली. दादाने डब्याचं झाकण उगाच पुन्हा काढून लावलं.

"साहेबांसमोर चुकलो तर ते हसतात, मीही हसतो," तो शेवटी म्हणाला. "त्यांना काय, मी पहिल्यापासून नवशिकाच. तुझ्यासमोर नाही मला चुकता येत. तुला सगळं मी शिकवलं. आता तुझ्याकडून शिकायचं, तू सांगणार असं धर, तसं धर, आणि बघणारे हसणार..."

"आणि मी चुकत होते, लोक हसत होते, ते चालत होतं?"

"तू धाकटी आहेस."

तो चिडून म्हणाला नाही, टाळण्यासाठीही म्हणाला नाही. त्याच्या मते ते उत्तर होतं आणि पुरेसं होतं. बारकीला जे लागलं ते हेच. ती बाहेर पडली.

शर्यतीच्या दिवशी तिने एकटीच्या गटात नाव दिलं आणि कपाटातला चाकाचा रिमोट काढला. मूठ ओळखीची होती, वजन ओळखीचं होतं. सुरुवातही छान झाली. पहिल्या फेऱ्यांना ती पुढेच होती. मग एकदा बोट समोरून तिच्याकडेच आली आणि हाताला काही सुचलं नाही. अंगठा नसलेली दांडी शोधत राहिला, डोकं डावं-उजवं मोजत राहिलं. चाक फिरलं ते उलट्या बाजूला. बोट पूर्ण वेगात दगडी काठावर आदळली आणि तिचा तळ नाकापासून चिरला. काठावरचे लोक "अरेरे" म्हणाले. सगळ्यांना अरेरे म्हणतात तितपतच.

जोडीच्या शर्यतीत दादा आणि साहेब तिसरे आले. रिमोट देताघेताना साहेबांचा हात अडखळला, तर दादाने तो सावरून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षीस घेऊन झाल्यावर दादा तिच्यापाशी आला, चिरलेल्या बोटीवरून बोट फिरवत म्हणाला, "आतून पट्टी लावली की होईल. आण माझ्याकडे, मी चिकटवून देतो."

"राहू दे," ती म्हणाली. ती बोट तिने दुकानदारकाकांकडून दुरुस्त करून घेतली.

दादाला पडद्यासमोरचं काम मिळालं. साहेबांचा बोटींचा उत्साह मात्र वर्षभरात आटला. ते तळ्यावर फिरकेनासे झाले आणि त्यांची लांब नाकाची बोट कुठल्याशा अडगळीत गेली. जोडीच्या शर्यतीची पुढची वेळ आली तशी दादा एका रविवारी बारकीच्या शेजारी येऊन उभा राहिला. ती सराव करत होती. गळ्यात पट्टा होता, दोन्ही अंगठे दांड्यांवर. चाकावरचा हात परत आलाच नव्हता, म्हणून तिने दांड्याच धरून ठेवल्या होत्या आणि आता त्यांच्यावर ती पूर्वीच्या दादापेक्षाही वेगात होती.

"यंदा आपण दोघं उतरू," तो म्हणाला. "तुझ्या मनासारखं. आता मला चाक येतं."

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं औदार्य होतं. आपण काय बोललो हे त्याला कळलेलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी कळलं नसतं. बारकीने बोट बोयाला अगदी घासून वळवली आणि सरळ केली, मगच बोलली.

"माझी जोडी ठरलीय. काकांबरोबर."

"दुकानदारकाका? त्यांना दिसतं तरी का नीट?"

"चष्मा मी करून दिलाय."

दादा आपल्या बोटीकडे गेला. भांडण असं झालंच नाही. आईकडे भेटतात तेव्हा औषधांचं, डॉक्टरांचं, विजेच्या बिघाडाचं बोलतात. वहिनी मधे बसून दोघांना चहा देते. तळ्यावर मात्र दोघं दोन टोकांना उभी असतात. बारकी आणि काका बरेचदा जिंकतात. जिंकली की दादा दुसऱ्या टोकाकडून टाळ्या वाजवतो आणि शेजारी जो कुणी उभा असेल त्याला सांगतो, "दांड्या मी शिकवल्यात तिला."

ते तिच्यापर्यंत ऐकू येतं. ती मान वर करत नाही. बोट पाण्यातून उचलते, उपडी करते आणि आत शिरलेलं पाणी निथळून जाईपर्यंत धरून ठेवते.