टर्बोचे चारशे डबे

कापड रंगवणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या बाईंना निवृत्तीनंतर जावयाने कॉम्प्युटरवरचा एक खेळ शिकवला. ओसाड ग्रहावर कारखाने उभारायचे, एवढंच. तो त्याच्या घरून खेळे, बाई आपल्या घरून. जग मात्र दोघांचं एकच. महिन्याभरात बाईंनी त्याला कुठल्या कुठे मागे टाकलं.

त्या खेळात टर्बो नावाचं जहाल इंधन असतं. ते घातलं की ट्रक सुसाट पळतो. पण करायला महाकटकट. तेल उकळून खाली उरलेला गाळ घ्यायचा, त्यात गंधक आणि कोळशाची भुकटी मिसळायची, आणि एका जरी पाइपाचा दाब कमी झाला की सगळं ठप्प. बाईंनी दीड महिना वहीत आकडे मांडून ते जमवलं. लांबच्या खाणीपर्यंत ट्रक सोडायचे म्हणून चारशे डबे कोठारात भरून ठेवले.

सोमवारी सकाळी बघतात तर कोठार रिकामं. तेवढ्यात मुलीने कौतुकाने नवऱ्याचा व्हिडिओ पाठवला. जावई त्यांचाच टर्बो ओतून एकामागून एक ट्रक कड्यावरून उडवत होता आणि बघणाऱ्यांना सांगत होता, "हा प्लांट मी उभारलाय. घाम निघाला माझा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फोन लावला.

"डबे तुम्ही घेतलेत?"

"हो आई. काय धमाल आली, बघितलंत ना?"

"प्लांट कुणी उभारला?"

तो हसला. "त्यात काय तुमचं-माझं? खेळच आहे शेवटी."

नऊ वर्षांत बाईंनी जावयाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"तू चोर आहेस," त्या म्हणाल्या. "डबे मी पुन्हा भरले असते. पण माझ्या साहेबाने जन्मभर हेच केलं. दुरुस्ती माझी, भिंतीवर फोटो त्याचा. तेव्हा पोटासाठी गिळलं. आता कशासाठी गिळू?"

पाच मिनिटांत मुलीचा फोन. "आई, जावयाला असं बोलतात का गं?"

"प्लांट कुणाचा, ते तुला माहीत होतं ना?"

मुलीने फोन ठेवून दिला. ते बाईंना जास्त लागलं.

त्यांनी खेळ उघडला आणि प्लांट उतरवायला घेतला. आधी टाक्या, मग एकेक पाइप. जावयाचा खेळातला माणूस पडद्यावर धावत आला. "आई, थांबा. व्हिडिओखाली तुमचं नाव टाकतो," त्याने लिहिलं.

"टाक," बाईंनी लिहिलं, आणि पुढचा पाइप काढला. दुपारपर्यंत तिथे मोकळी जमीन उरली.

नाव त्याने टाकलं. खाली लोकांनी सासूबाईंची वाहवा केली म्हणे. बाईंनी वाचली नाही. दोन आठवडे तो स्वतः टर्बो करायला झटला, पण त्याचे पाइप सारखे अडत राहिले. शेवटी मुलीने हळूच विचारलं, "गाळ किती आणि गंधक किती गं?"

"त्याला विचारायचं असेल तर स्वतःच्या तोंडाने विचार म्हणावं," बाई म्हणाल्या.

त्याचा फोन अजून आलेला नाही. बाईंनी वही कपाटात ठेवून कुलूप लावलंय.