मुलाखतीपुरती मयत

आत्याच्या छातीत कधी दुखणार, हे घरात सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं. कोणी बाहेर जायला निघालं की दुखायचं. आईला शाळेत नोकरी लागली त्या सकाळी दुखलं. ती नोकरी दुसऱ्याच बाईने केली. वडिलांना बढतीवर परगावी जायचं होतं तेव्हा तर असं दुखलं, की त्यांनी बढतीच नाकारली. वडील आत्याचे धाकटे भाऊ. थोरल्या बहिणीपुढे लहानपणी त्यांचा आवाज जो बसला, तो बसलाच. डॉक्टरांना बोलावू म्हटलं की आत्या म्हणायची, डॉक्टरला काय कळतंय माझ्या दुखण्यातलं. आणि भिंतीकडे तोंड करून पडायची.

भाचीने डॉक्टर व्हायचं ठरवलं, ते त्या वळलेल्या पाठीकडे बघून. सेवाबिवा तिच्या डोक्यात नव्हती. एक दिवस त्या छातीला नळी लावायची आणि घरादारासमोर जाहीर करायचं, की इथे काहीही झालेलं नाही. एवढ्यासाठी ती रात्रंदिवस हाडं आणि स्नायू पाठ करत होती. नुसत्या रागावर माणूस किती अभ्यास करू शकतो, याची शिक्षण खात्याला अजून कल्पना आलेली नाही. वकील समोरच्या पक्षाचे कागद वाचतो तशी ती शरीरशास्त्र वाचायची. आत्या तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायची आणि म्हणताना काढा प्यायल्यासारखं तोंड करायची.

लेखी परीक्षा उत्तम झाली. उरली मुलाखत. तिची तयारी करून घेणारे एक मास्तर होते. 'तुम्हाला डॉक्टर का व्हायचंय' या प्रश्नाला मयताशिवाय उत्तर नाही, असं त्यांचं अनुभवाअंती बनलेलं मत होतं. वर्गात एकेकाला उभं करून ते मरायला जवळचं माणूस नेमून द्यायचे. कुणाचे आजोबा, कुणाची शेजारीण. भाचीला त्यांनी विचारलं, तुमच्याकडे जाण्याजोगं कोण आहे? ती जराही न अडखळता म्हणाली, आत्या. मास्तरांना ही तत्परता आवडली. त्यांनी आत्याला कावीळ दिली, उपचारांना उशीर दिला आणि शेवटचा श्वास भाचीच्या मांडीवर दिला.

हे सगळं ती आरशासमोर घोकत असताना आरशात दार दिसलं आणि दारात आत्या.

"काविळीने?" आत्या म्हणाली. "जन्मभर छाती दुखतेय माझी, आणि तू मला काविळीने मारतेस?"

"मास्तरांनी दिलीय."

"आणि तुझ्या मांडीवर. रस्त्यात मरेन एक वेळ, पण तुझ्या मांडीवर डोकं ठेवायची नाही."

त्यानंतर दोघींचं बोलणं आईमार्फत चालायचं. मीठ पुढे सरकवायचं असलं तरी आईला मध्ये घ्यावं लागायचं.

मुलाखतीच्या सकाळी भाचीने एक बूट घातला आणि आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू आलं. आई भिंतीला हात टेकून उभी राहिली. वडिलांनी चष्मा काढला, पुसला आणि पुढच्या वर्षीही मुलाखती असतातच, असं पुटपुटले. भाचीने शांतपणे दुसरा बूट घातला. मुलाखतीपेक्षा तिने याचीच जास्त तयारी केली होती.

"आत्या, ऊठ," ती खोलीत जाऊन म्हणाली. "मी डॉक्टरांकडेच चाललेय. कॉलेजला लागूनच मोठं इस्पितळ आहे, छातीचा वेगळा विभाग आहे. चप्पल घाल."

आत्याने भिंतीकडचं तोंड फिरवलं. आली नाही तर दुखणं खोटं ठरत होतं, आणि आली तर डॉक्टर होते. तिने दातओठ खात चप्पल घातली. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या आणि दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर राग काढत राहिल्या. कॉलेजात पोचल्यावर आत्याने छातीच्या विभागात जायला साफ नकार दिला. आधी तुझं उरकू दे, म्हणाली, आणि मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली.

आत तिघं परीक्षक होते. मधले वयस्कर डॉक्टर पेनाचं टोपण चावत होते. सकाळपासून त्यांच्यासमोर इतके आजोबा वारले होते, की त्यांचा चेहरा स्मशानातल्या लाकूडवाल्यासारखा निर्विकार झाला होता. डॉक्टर का व्हायचंय, त्यांनी विचारलं. भाचीने सुरुवात केली. माझी आत्या. कावीळ. उपचारांना उशीर.

"त्या बाहेर बसल्यात," डॉक्टर म्हणाले. "मघाशी चहा घेऊन मी परत आत येताना मला थांबवून त्यांनी सांगितलं, ती मुलगी मला मेलेली म्हणेल, विश्वास ठेवू नका."

शेजारच्या परीक्षकांना रुमालात खोकला आला. इतक्या वर्षांचा अभ्यास बाहेरच्या बाकाने गिळला, हे भाचीला कळलं. आता वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा तिने खरं सांगून टाकलं. आईची नोकरी सांगितली, वडिलांची बढती सांगितली, आजचा बूट सांगितला. मला तिचं दुखणं खोटं पाडायचंय, म्हणाली, दुसरं कारण नाही.

"आणि खरंच दुखत असलं तर?"

याचं उत्तर मास्तरांनी दिलेलं नव्हतं.

"तर मला फार राग येईल," ती म्हणाली. "कारण मग कुठे दुखतंय, हे आमच्यापैकी एकानेही तिला कधी विचारलेलं नाही."

डॉक्टरांनी तोंडातलं टोपण काढून पेनाला लावलं आणि "या आता," म्हणाले.

बाहेर आत्या वाटच बघत होती. "काय सांगितलंस?"

"जिवंत आहेस हे त्यांना कळलं."

"कळायलाच हवं होतं."

छातीचा विभाग वाटेतच होता. भाचीने नुसतं बोट दाखवलं. आत्या थांबली, पाटी वाचली आणि पदर घट्ट ओढून घेतला.

"यांना नाही दाखवायची. तूच बघ, शिकून ये आणि मग बघ. तोवर मी मरत नाही. मला तुला खोटं पाडायचंय."

"कुठे दुखतं, ते तरी सांग."

"सांगितलं तर तुझी मेहनत वाचेल," आत्या म्हणाली आणि बसकडे चालू लागली.

भाचीला प्रवेश मिळाला. मास्तरांनी तो आपल्या काविळीच्या खात्यावर मांडला. खरं म्हणजे, त्या दिवशी त्या खोलीत मारलेल्या सगळ्या माणसांत जिवंत निघालेलं माणूस तेवढं एकच होतं.

वसतिगृहावर जायच्या दिवशी बॅग दारात आली आणि घर गप्प झालं. आईने सवयीने भिंतीला हात टेकला, वडिलांनी चष्मा काढला. सगळ्यांचे कान आतल्या खोलीकडे. भाचीने एक बूट घातला, मग मुद्दाम सावकाश दुसरा घातला.

काहीच ऐकू आलं नाही. तिने आत डोकावलं. आत्या पलंगावर ताठ बसली होती, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. भाचीशी नजर भिडताच तिने छातीवरचा हात काढून मांडीखाली दाबला.

"बघतेस काय? नीघ," ती म्हणाली. "बस चुकेल."