सोमवारी परत न गेलेली अंगठी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी अंगठी आहे. सोन्याची नाही, हे आधीच सांगून टाकते. चिंचेने घासली की मात्र लांबून कुणालाही फसवते.

वालूरच्या लहानशा चर्चची मी सामाईक मालमत्ता होते. ज्या नवरदेवाला अंगठी घेणे जमत नसे, त्याला पाळकसाहेब मला वापरायला देत. रविवारी लग्न, सोमवारी सकाळी मी परत काडेपेटीत. 'मरण येईपर्यंत सोबत राहीन' हे वचन मी अकरा वेळा ऐकले, पण लग्नानंतरचा मंगळवार एकदाही पाहिला नव्हता. त्यामुळे संसाराबद्दल माझे मत फार चांगले होते.

१९७९ च्या डिसेंबरात नागनाथ नावाच्या नवरदेवाने मला त्याच्या नवरीच्या, सत्यशीलेच्या, बोटात घातले. घातले म्हणजे कोंबले. सोमवारी मी निघेना. गोडेतेल झाले, साबण झाला, पाळकीणबाईंनी चमचाभर तूपही वाया घालवले. येत्या रविवारी दुसरे लग्न ठरलेले. परभणीहून नवी अंगठी आणावी, तर नामांतराच्या आंदोलनामुळे एस.टी. बंद. शेवटी पाळकसाहेब मला कापायला कानस घेऊन आले. माझे तर धाबे दणाणले.

सत्यशीलेने हात मागे घेतला. खाली मान घालूनच ती म्हणाली, "साहेब, काल तुमीच मरेपर्यंत म्हणून वदवून घेतलं. मंग आज परत कसं मागायलाव?"

पाळकसाहेबांना असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी कानस खिशात घातली. मग त्यांनी स्वतःच्या बोटातली सोन्याची अंगठी काढून काडेपेटीत ठेवली. तेव्हापासून प्रत्येक लग्नाला तीच जाऊ लागली आणि सोमवारी पाळकीणबाई सकाळपासून दारात उभ्या राहू लागल्या.

मला मात्र मंगळवार दिसला. पहिले भांडण मिठावरून झाले. नागनाथ घोरतो, हेही कळले. सत्यशीला रुसली की त्याच्याशी बोलत नसे, पण रात्रीच्या प्रार्थनेत त्याच्यादेखत देवाला त्याच्याविरुद्धच्या सगळ्या तक्रारी सांगे. तो बिचारा डोळे मिटून 'आमेन' म्हणे. एकदा तर तिने रागाच्या भरात मला विहिरीत फेकायचे ठरवले. अर्धा तास ओढले, मी हलले नाही. दमून ती हसायला लागली, मग तोही.

१९९३ साली तिला मुदतीचा ताप आला. महिनाभरात ती इतकी वाळली, की एका सकाळी मी आपोआप गळून अंथरुणावर पडले. चौदा वर्षांनी मोकळी झाले आणि मला रडू कोसळले.

"ढिली झालीया, हरवल कुठं तरी. पेटीत ठिवून द्या," सत्यशीला म्हणाली.

नागनाथने धोतराच्या काठाचे सूत उपसले, माझ्याभोवती नीट गुंडाळले आणि मला पुन्हा तिच्या बोटात बसवले.

"मरेपर्यंत म्हणलो होतो," तो म्हणाला. "तू अजून मेली न्हाईस."

ती त्याच्यावर चिडली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच तिच्यात चिडण्याइतका जीव आला, म्हणून नागनाथ डोळे पुसत बाहेर गेला. पुढे ती हळूहळू बरी झाली, पण बोट काही पूर्वीसारखे भरले नाही. आता भाकरी थापताना माझ्या सुतात पीठ अडकते आणि दर शनिवारी नागनाथ कुरकुरत ते सूत बदलतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. सैल झाली म्हणून कुठलीही अंगठी लगेच पेटीत टाकू नका. आधी घरात थोडे सूत आहे का ते बघा.