उशिरा फुललेली तीन रोपं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने माझं भिंग चार दिवस घासलं होतं. वनस्पतींच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षं राबलो. "याच्यासारखी स्वच्छ नजर नाही," असं माझं कौतुक व्हायचं. मग पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली.

त्या वर्षी संशोधन करणाऱ्या ताईंनी मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपाचं एक जनुक बिघडवलं होतं. कधी फुलायचं हे तेच ठरवतं, असा त्यांचा अंदाज होता. त्या वाणाची बारा रोपं उगवली. त्यांतली नऊ रोपं महिन्याभरात फुलली. तीन मात्र नुसती पानंच काढत बसली.

"जागा अडलीय. टाकून द्या," प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले.

"अहो, पानं काढतायत म्हणजे जिवंत आहेत की," माळीकाका पुटपुटले आणि पाणी घालत राहिले.

सत्तराव्या दिवशी फुलं आली. ताई हरखल्या. पण शेंगा धरल्या त्या पोकळ. एकीतही बी नाही. नव्या यंत्रापुढे रांग, आणि उरलेल्या कळ्या दोन दिवसांच्या सोबती. म्हणून ताईंनी मला बाहेर काढलं.

कळीतलं अंडाशय सुईने उघडून त्यांनी माझ्याखाली ठेवलं. आत बीजांडं असतात, त्यांचंच पुढे बी होतं. प्रत्येकावर दोन आवरणं हवीत. इथे बाहेरचं नव्हतंच.

"भिंगच खराब झालंय," ताई म्हणाल्या. मला फार लागलं. त्यांनी मला मऊ कापडाने पुसलं, पुन्हा पाहिलं. मग दुसरी कळी, मग विसावी. सगळीकडे तेच. फुलण्याची वेळ सांगणारं जनुक बीजांडाचं आवरणही घडवत होतं!

सरांनी स्वतः डोळा लावला.

"चूक माझी," ते म्हणाले. "पण बीच नाही, म्हणजे हे वाण संपलं."

"त्यांच्या भावंडांचं बी ठेवलंय मी," माळीकाका म्हणाले.

भावंडं वेळेवर फुलली होती, तरी त्यांतल्या काहींच्या पोटात तोच बदल दडला होता. पुढच्या पेरणीत काही रोपं पुन्हा मागे रेंगाळली. या वेळी त्यांना कुणी हलवलं नाही.

मी आता खिडकीजवळच्या टेबलावर असतो. मित्रांनो, माझ्या भिंगाला बोट लावू नका, एवढंच मागणं. दिसलेलं पटलं नाही, तर मला जरूर पुसा. पण पुसल्यावरही तेच दिसलं, तर मात्र माझ्यावर विश्वास ठेवा.