तीन पायांची मेंढी आणि अकरा अर्ज

साहेब, तुम्ही माझ्या पाठीवर हिरवी पट्टी चिकटवलीत, मला कपाटात घातलंत आणि कुलूप लावलंत. वर त्याला नाव काय दिलंत, तर सर्वांना सामावून घेणारं शिक्षण. माझ्याच अंगावरचा कागद आहे तो, तेव्हा मला खोटं पाडू नका.

मित्रांनो, मी एक जुनं कापडी पुस्तक आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, जिथे वारा माणसाला चालायला शिकवतो, त्या बेटावरच्या एका लहान शाळेत मी राहतो. मला छापखाना माहीत नाही. माझा जन्म पेगीमावशीच्या मागावर झाला. ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोकरीचं जाड कापड विणते आणि उरलेले तुकडे फेकत नाही. शेजारची शोनाग शाळेत जायला लागली तेव्हा मावशीने त्या तुकड्यांतून मला घडवलं. शोनागला दिसत नाही. म्हणून माझा समुद्र खरखरीत आहे, वाळू मऊ आहे, पाऊस म्हणजे दोऱ्याच्या गाठी आहेत आणि फाटकाला खरंखुरं शिंगाचं बटण आहे. प्रत्येक पानाखाली ब्रेलची पट्टी शिवलेली आहे आणि तिच्याखाली रंगीत दोऱ्याने तेच शब्द.

गोष्ट साधी आहे. एक मेंढी कळपापासून चुकते आणि घर शोधत फिरते. या मेंढीला तीनच पाय आहेत. त्याचं असं झालं, की शनिवार संपला तेव्हा चौथा पाय शिवायचा राहिला होता. रविवार देवाचा, म्हणून आमच्या बेटावर त्या दिवशी माग बंद, दुकान बंद, दोरीवर कपडे वाळत घालणंही बंद. मावशी तर सुईकडे बघतसुद्धा नाही. आणि सोमवारी सकाळी आठला शाळेची गाडी दारात.

"मावशी, एक पाय कुठाय?" शोनागने बोट फिरवत विचारलं.

"देवाच्या दिवसात अडकला. असू दे. चालतेय ना ती?"

"चालतेय."

"मग तुला गं काय त्रास?"

वर्गात अकरा मुलं होती. निकल्सनबाईंनी पहिल्याच शुक्रवारी एक रीत पाडली. जेवणानंतर सगळ्यांनी गोल बसायचं, डोळे मिटायचे आणि मला हातोहात फिरवायचं. ज्याच्या मांडीवर मी, त्याने बोटांनी वाचायचं. त्या तासाला शोनाग वर्गात सगळ्यांत हुशार असायची. इतरांची बोटं समुद्रातच बुडायची.

आणि टॉर्किल. छापलेली अक्षरं त्याच्यासमोर माशांसारखी सुळसुळतात. मोठ्याने वाचायची पाळी आली की त्याला नेमकी लघवीला लागायची. त्याची तपासणी व्हावी म्हणून तुमच्याकडे कागद गेला, त्याला दोन वर्षं झाली, साहेब. पण माझ्या गाठी आणि ठिपके सुळसुळत नाहीत. शोनागने त्याचं बोट धरून एकेक ठिपका शिकवला. तो फाटकापर्यंत पोहोचला की मेंढीचा असा आवाज काढायचा, की शेजारच्या कुरणातून उत्तर यायचं. मग शोनाग बटण काढायची आणि मेंढी घरी जायची. फाटक दोघांचं होतं.

सात वर्षं मी असा राबलो. माझ्यावर सूप सांडलं, माझा समुद्र दोनदा उसवला, मावशीने तो दोनदा शिवला. पहिलीत आलेली शोनाग शेवटच्या वर्गात गेली, तरी अकराही जण शुक्रवार सोडेनात. कौतुक म्हणाल तर एवढंच, की सुट्टीनंतर मुलं आधी मला हुंगायची.

मग तुम्ही शाळा तपासायला आलात. सकाळच्या बोटीने आलात आणि वारा वाढतोय म्हणून दुपारच्या बोटीने परत जायची घाई. चहाचा कप हातात, डोळे यादीवर. तुम्ही मला उलटंसुलटं केलंत.

"या मेंढीला एक पाय कमी आहे," तुम्ही म्हणालात.

"हळू बोला," टॉर्किल म्हणाला. "तिला माहीत नाहीये."

तुम्ही हसला नाहीत. पट्टी चिकटवलीत. वर 'सर्वांना सामावून घेणारं शिक्षण', खाली 'विशेष साहित्य. मंजूर अर्ज असलेल्या मुलांनीच, मदत-खोलीत वापरावे.' अकरा जणांत जादा मदतीचा मंजूर अर्ज एकटीचा, शोनागचा; म्हणून मदत-खोलीतलं कपाट बाईंनी शुक्रवारी तिच्यापुरतंच उघडायचं.

तुमचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. दृष्टी नसलेल्या मुलीचं पुस्तक जपून ठेवावं, असंच तुम्हाला वाटलं असेल. पण जपणं आणि कोंडणं यांतला फरक तुम्हाला कळला नाही, आणि विचारायला तुम्ही थांबला नाहीत.

पुढच्या शुक्रवारी मदत-खोलीत शोनाग आणि मी, दोघंच. एक टेबल, एक खुर्ची. तिने समुद्र ओलांडला, वाळू ओलांडली, फाटकाशी आली आणि बोट बटणावर ठेवून थांबली. बराच वेळ थांबली. मेंढीचा आवाज आला नाही. तिने मला मिटलं. तीन शुक्रवार तिने मला फाटकाशीच मिटलं. चौथ्या शुक्रवारी उघडलंच नाही.

"अगं, तुझ्या मदतीसाठीच आहे ना ही खोली," निकल्सनबाई म्हणाल्या. त्यांनाही बोलताना लाज वाटत होती.

"बाई, मला मदत नकोय. मला टॉर्किल हवाय."

बाईंनी खणातून कोरा अर्ज काढला आणि वर्गात त्याची पहिली ओळ मोठ्याने वाचली. 'कोणत्याही कारणामुळे शिकताना जादा मदत लागणाऱ्या मुलांसाठी.'

"कोणत्याही म्हणजे कोणत्याही?" टॉर्किलने विचारलं.

"इथे तसंच छापलंय."

"मग आण की एक इकडे. म्हणजे, द्या की, बाई."

मित्रांनो, त्या दुपारी वर्गात जितकं हसणं झालं तितकं सात वर्षांत झालं नव्हतं. टॉर्किलने शोनागला सांगितलं, तिने बाईंना सांगितलं, बाईंनी लिहिलं: अक्षरं पोहतात. झोफिया पोलंडहून आली आहे. तिने लिहिलं की मी आधी माझ्या भाषेत विचार करते, तोवर तुम्ही पुढे गेलेले असता. कॅटलिनच्या घरी नवं बाळ आहे, ते झोपत नाही, म्हणून ती वर्गात झोपते. रॉडरिकचे बाबा महिनाभर समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर जातात. ते गेल्यावर आठवडाभर त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तो ते सांगत असताना कुणी हसलं नाही. दहा मुलांचे दहा अर्ज झाले, घरच्यांच्या सह्या झाल्या. अकरावा निकल्सनबाईंनी स्वतःचा भरला. कारण: मला ब्रेल नीट येत नाही, शोनाग शिकवते.

सोमवारच्या बोटीने अर्ज गेले. त्याला नऊ आठवडे झाले.

तोवर आम्ही हात बांधून बसलेलो नाही. पुस्तक खोलीबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. दार बंद ठेवायचं असं कुठेच लिहिलेलं नाही. शुक्रवारी शोनाग खोलीत बसते, बाकीचे दहा जण बाहेर जमिनीवर पाय पसरून डोळे मिटतात. ती मोठ्याने वाचते. फाटक आलं की उंबरठ्यावरून मेंढी ओरडते आणि शोनाग बटण काढते. पण टॉर्किलचं बोट काही त्या बटणापर्यंत पोहोचत नाही. उंबरठ्यापासून टेबल सहा पावलांवर आहे. जूनच्या अखेरीस ही मुलं मोठ्या शाळेत जातील.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कुणी कपाटात असेल. फाटेल म्हणून त्याला लपवू नका. फाटलं तर शिवता येतं, मी दोनदा शिवला गेलोय. न हाताळलेलं पुस्तक मात्र कुणालाच शिवता येत नाही.

आणि साहेब, अकरा अर्ज तुमच्या टेबलावर आहेत. आज बसून एकेक वाचा. त्यांतला कोणता खोटा आहे, तेवढं जूनच्या आत लिहून कळवा. एकही खोटा नसेल, तर मला खोलीबाहेर काढायची परवानगी पाठवा.