हॅलमच्या तोंडचं पिशोर

आमच्या मालकांनी एका विलायती गुप्तहेराला त्यांच्या गावची, पिशोरची भाषा शिकवली, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापहो. पण एक काळ असा होता, की मुकुंदवाडीपासून पार वैजापूरच्या मार्केट यार्डापर्यंत माणसं सकाळी पेपर पालथा करून आधी शेवटचं पान बघायची. हॅलम आज काय बोलला, एवढ्यासाठी.

मालक म्हणजे माझा नवरा, राजकुमार. इथल्या एका पेपरात ते चित्रकार म्हणून लागले, पण चित्र काढायचं काम काही वाट्याला आलं नाही. ‘गुप्तहेर हॅलम’ची चित्रपट्टी मुंबईच्या एजन्सीकडून तयार यायची. कोटाची कॉलर वर केलेला लांबोडका माणूस, हातात पिस्तूल, मागं बर्फाचे डोंगर. बोलण्याचे फुगे तेवढे कोरे. शेजारच्या टेबलावरचे साहेब इंग्रजीचं मराठी करून कागद सरकवायचे, आणि ह्यांनी तो मजकूर काळ्या शाईनं फुग्यात लिहायचा. पण फुगा सुपारीएवढा आणि साहेबांचं वाक्य हातभर. ‘येथे कोणीही उपस्थित नाही’ हे कुठं कोंबायचं? ह्यांनी लिहिलं, ‘इथं कोनी नाय.’ बरोबर बसलं. साहेब आधी चिडले, मग पेपर खपतोय म्हटल्यावर गप झाले.

तिथून हॅलम आमचा झाला. कड्याला लटकलेल्या हॅलमवर दुश्मन पिस्तूल रोखून म्हणायचा, ‘लई शाना झाला काय रं?’ आणि हॅलम खालून म्हणायचा, ‘व्हय. तुला काय तरास?’

त्याच्या जोडीला एक हेर बाई होती. सोनेरी केसांची, सिगारेट ओढणारी. तिच्या तोंडी ह्यांनी माझ्या सासूबाईंचं बोलणं घातलं. पिशोरला ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला फैलावर घेणाऱ्या चतुराबाई. बाहेर बॉम्ब फुटतायत आणि ती गोरी बाई हॅलमला म्हणतीय, ‘मुडद्या, दार लोट. वारं लागतंय.’ सासूबाई वारल्या तरी ह्यांनी तिला बोलतं ठेवलं. मी चिडवायचे, "अहो, म्हातारीला किती राबवता?" तर म्हणायचे, "तिला रिटायर कोन करनार? तुझी हाय का हिंमत?" नव्हती.

पुढं पेपर बंद पडला. जुने अंक रद्दीत गेले. ह्यांनी रोजची कापून ठेवलेली कात्रणं तेवढी लोखंडी पेटीत राहिली.

आणि दोन वर्षांपूर्वी ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. समजतं सगळं, पण ‘हं’च्या पुढं तोंडातून काही निघत नाही. मी जन्मभर नर्स होते, असे किती पेशंट उठवून बसवले. पण घरात ज्याची बडबड बंद कर म्हणून आपण हात जोडायचो, तोच माणूस मुका झाला की काळीज तुटतं. सांगायला लाज कशाची, मी मोरीत नळ सोडून रडले आहे. त्यांचं बोलणं आता फक्त त्या पेटीत उरलं होतं. हे मला कळत होतं आणि त्यांनाही.

अशात मागच्या दिवाळीनंतर अभय आला. पुण्यात त्याचं छोटंसं प्रकाशन, पण पोरगा मूळचा वैजापूरचा. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे आणि येताना पेपर आणायचे, असं म्हणाला. पेपरांत गाजलेल्या जुन्या हेरपट्ट्या तो पुस्तकरूपानं काढत होता. हॅलमचे हक्क त्यानं घेतले होते, पण मराठी हॅलम त्याला कुठंच सापडेना. मी पेटी उघडली. कागद हळदीसारखे पिवळे, कडा झडलेल्या, वर वाळवीची माती. ह्यांनी डाव्या हातानं त्या पोराचं मनगट जे धरलं, ते सोडेनात.

"काका, नीट करतो," तो म्हणाला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. कात्रणं तो पुण्याला घेऊन गेला. मला आवडला तो, खोटं कशाला बोलू?

त्या दिवसापासून गल्लीत मोटरसायकल वाजली की हे दाराकडं बघायचे. जेवण सोडायचे, औषध तोंडात तसंच धरून बसायचे. मी म्हणायचे, "अहो, छापायला वेळ लागतो, तुम्हीच सांगायचे ना?" ते म्हणायचे, "हं." पुन्हा नजर दाराकडं. हे पुस्तक बघितल्याशिवाय हा माणूस जाणार नाही, अशी माझी खात्री. आणि पुस्तक आलं की त्यांना त्यांचं बोलणं परत मिळेल, हीसुद्धा. डॉक्टर काय म्हणायचे ते म्हणोत.

मध्ये एकदा अभयचा फोन आला. "काकू, फुगे जरा साफ करून घेऊ ना?"

मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? चांगले साफ करा. एक डाग राहायला नको."

माझ्या डोक्यात ते पिवळे डाग, ती माती. नर्सला साफ म्हटलं की दुसरं काय सुचणार? जखम साफ, चादर साफ, बेडपॅन साफ. ह्यांनाही मी सांगितलं, तुमचे फुगे साफ करतायत म्हणे. ते खूश होऊन म्हणाले, "हं."

पुस्तकांचा गठ्ठा आला तो ऐन सकाळी. वरची दोरी सोडून मी एक प्रत काढली. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, कोटाची कॉलर वर केलेला हॅलम. खाली लिहिलं होतं, ‘मराठी रूपांतर: राजकुमार हिवराळे.’ हे त्या नावावरून बोट फिरवत राहिले. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं.

तोच कडा, तोच लटकलेला हॅलम. दुश्मन म्हणत होता, ‘आपण स्वतःला फार चतुर समजता काय?’ आणि हॅलम म्हणत होता, ‘होय. आपणास त्याचा काय त्रास?’

मला वाटलं, मीच चुकीचं वाचतेय. जवळ घेऊन बघितलं. ह्यांचं अक्षर नव्हतंच. कॉम्प्युटरची अक्षरं, तीही मुंगीएवढी, कारण वाक्य मोठं आणि फुगा तेवढाच. ह्यांनी माझ्या हातून पुस्तक ओढून घेतलं. मांडीवर ठेवून एका हातानं भराभर पानं उलटायला लागले. ते त्या बाईला शोधत होते. ती सापडली. ‘कृपया दार बंद करा. बाहेर वारा आहे.’ ते पुढं गेले. पुन्हा ती, पुन्हा ‘कृपया’. आईला शोधत फिरणारं माणूस आणि प्रत्येक दारात कुणीतरी परकी बाई, असं ते चाललं होतं. मला बघवेना.

स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. "अभय, हे काय केलंस रे बाबा?"

तो गडबडला. "काकू, मी तुम्हाला विचारलं होतं. साफ करू का म्हणून. तुम्हीच म्हणालात, एकही डाग नको."

"मी कागदाचं म्हणत होते."

तो हळू म्हणाला, "मला वाटलं तुम्ही भाषेचं म्हणताय. पुण्यात माझ्या बोलण्यावर लई हसले लोक, काकू. काकांना कुणी हसू नये म्हणून मी रात्रंदिवस बसून ते केलं."

मी भांडायला म्हणून तोंड उघडलं होतं, पण त्याच्यावर कसं ओरडायचं? "मग परत घाल की बाबा जुनं. पुढच्या वेळी घाल."

"कात्रणं हातातच भुगा झाली. आणि स्कॅन केलेल्या फायलींवरच आम्ही जुनी अक्षरं पुसली. मूळ ठेवलं नाय. आता काहीच नाय होऊ शकत, काकू."

"बघ," मी म्हटलं, "आलं ना ‘नाय’ तुझ्या तोंडात." आणि फोन ठेवला.

परत आले तर हे तसेच बसलेले, पुस्तक उघडं. मी शेजारी टेकले. म्हटलं, आपणच म्हणून बघू. ‘कृपया’च्या फुग्यावर बोट ठेवून मी सासूबाईंच्या ठसक्यात म्हटलं, "मुडद्या, दार लोट." ह्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं. त्यांना वाटलं, मला सगळं येतंय. पुढच्या फुग्यावर बोट ठेवून ते थांबले. मला ते आठवेना. काहीतरी जुळवून म्हटलं, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. दुसरं म्हटलं, पुन्हा मान हलवली. इतकी वर्षं रोज सकाळी वाचून हसले मी, आणि एवढी दोनचार वाक्यंच डोक्यात राहिली. बाकीची सगळी ह्यांना पाठ होती. समोर बसून, डोळे माझ्या तोंडावर लावून, ते मी बोलायची वाट बघत होते.

मी म्हटलं, "नाय येत हो मला."

त्यांनी डोळे मिटले. मग टेबलाकडं बोट केलं. पाणी दिलं, नको. औषध, नको. पेन हवा होता. मी दिला. त्यांनी पुस्तक मिटलं आणि डाव्या हातानं, दात दाबून, कव्हरवरच्या आपल्या नावावर रेघ ओढायला लागले. कागद गुळगुळीत, शाई धरेना, पुस्तक घसरायला लागलं. अहो, राहू द्या, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ते दोन्ही हातांनी धरलं. नाव पुरतं झाकलं गेलं तेव्हा कुठं ते थांबले.

मग त्यांनी गठ्ठ्याकडं बघितलं. आत आणखी प्रती होत्या. मी दुसरी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि घट्ट धरली.